लेदर कोरल पुन्हा पुन्हा मिटतंय: कात टाकतंय की खरंच काही बिघडलंय?

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. टोडस्टूल लेदर (छत्रीच्या आकाराचं मऊ कोरल) आणून तीन-चार महिने झालेले असतात. रोज लाईट लागला की तासाभरात पॉलिप (कोरलच्या अंगावरचे फुलासारखे बारीक जीव) बाहेर येतात, आणि मग एके दिवशी येतच नाहीत. डोकं गुळगुळीत, रंग मळकट, कडा खाली वळलेल्या. चार दिवस वाट बघून माणूस घाबरतो. निम्मं पाणी बदलतो, कोरल उचलून दुसऱ्या दगडावर ठेवतो, दुकानातून आणलेली कुठलीतरी बाटली ओततो. पुढे कधीतरी कोरल उघडतं आणि श्रेय बाटलीला जातं. महिन्याभराने पुन्हा तेच, पुन्हा बाटली.

हे वारंवार होत असेल तर एक गोष्ट धरून चला: पाण्याचा एखादा आकडा चुकीचा असण्यापेक्षा तो हलत असण्याची शक्यता जास्त. सॉफ्ट कोरल बरंच सोसतात. ३३ पीपीटी (हजार भागांत ३३ भाग मीठ) खारटपणात राहतात, ३६ मध्येही राहतात. सोमवारी ३३ आणि मंगळवारी ३६ हे मात्र त्यांना मानवत नाही. त्यामुळे इथे औषधांची यादी मिळणार नाही. आयोडीनच्या बाटलीबद्दल लोक विचारतात, म्हणून तेवढं सांगून टाकतो: ज्याची टेस्ट तुम्ही करत नाही ते टाकीत ओतू नका.

आधी ओळख पटवा

दुकानात ‘लेदर’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वंशांची कोरल विकली जातात आणि ‘सॉफ्टी’ या नावाखाली तर काहीही. ओळख पटवायला साधं भिंग किंवा फोनचा मॅक्रो पुरतो. पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, आणि एकच पॉलिप निवडून नीट बघा. आठ बाहू, आणि प्रत्येक बाहूच्या दोन्ही कडांना पिसासारखे बारीक फाटे असतील तर ते खरं सॉफ्ट कोरल. लेदर, केनिया ट्री, झेनिया, क्लोव्ह पॉलिप, ग्रीन स्टार पॉलिप ही सगळी यातली. झोआ आणि मश्रूम यात बसत नाहीत. ती सी ॲनिमोनी आणि कठीण कोरलांच्या बाजूची मंडळी. मऊ असतात म्हणून छंदात त्यांना सॉफ्टी म्हणायची पद्धत पडली.

आता लेदरमधले तीन. सार्कोफायटॉन म्हणजे आपलं टोडस्टूल: खाली पॉलिप नसलेला स्वच्छ देठ, वर छत्रीसारखं डोकं, आणि त्यावर लांब पॉलिप. ते मिटलेलं असताना डोक्यावर भिंग धरा. ठरावीक अंतरावर मोठी छिद्रं आणि त्यांच्या मधे सुईच्या टोकाएवढे असंख्य ठिपके दिसतील. ठिपकेही पॉलिपच आहेत, पण त्यांना बाहू जवळजवळ नसतात. त्यांचं काम पाणी आत-बाहेर करायचं. लोबोफायटमलाही असे दोन प्रकारचे पॉलिप असतात, पण डोक्यावर बोटांसारखे उंचवटे किंवा जाड घड्या उठतात. सिन्युलॅरियाला एकाच प्रकारचे पॉलिप असतात, फांद्या असतात, आणि बुंध्यात चुन्याचे टोकदार कण इतके दाटलेले असतात की बोटाने चेपलं तर आत रेती भरल्यासारखं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मिटण्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. टोडस्टूल दोन आठवडे मिटलं तर मी फक्त तारीख लिहून ठेवतो. सिन्युलॅरिया तेवढे दिवस मिटलं तर पाणी तपासतो. झेनिया लेदरसारखी कात टाकत नाही. तो संध्याकाळी ठीक होता आणि सकाळी चिघळलेल्या गोळ्यासारखा दिसला तर त्याच दिवशी हातपाय हलवायला हवेत. झेनियाचं धडधडणं थांबलं म्हणून मात्र लगेच घाबरू नका, तो अधूनमधून विसावतो. लाल समुद्रातल्या त्याच्या एका जवळच्या नातेवाइकावर २०१३ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की या हालचालीने ऊतीजवळ साठलेला प्राणवायू झटकला जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. म्हणजे ते धडधडणं कामाचं आहे, पण अखंड नाही.

गुलाबी, शेंदरी, लाल रंगाचं, काचेसारख्या अर्धपारदर्शक फांद्यांचं ‘कार्नेशन’ कुणी गळ्यात मारलं असेल तर पुढचं काहीच त्याला लागू नाही. बाकीच्यांसारखं त्याच्या ऊतीत अन्न बनवणारं शैवाल नसतं, लाईटवर ते जगत नाही, त्याला सतत बारीक तरंगतं अन्न लागतं. घरच्या टाकीत ते हळूहळू उपाशी मरतं. घेऊ नका, एवढाच सल्ला.

भारतात ओळखीला आणखी एक बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळखडक बांधणारी सगळी कठीण कोरल, काळी कोरल, फायर कोरल, सी फॅन आणि ऑर्गन पाइप कोरल आली. यातले सी फॅन आणि ऑर्गन पाइप आठ बाहूंचेच आहेत, म्हणजे ‘सॉफ्ट आहे, चालतं’ हे दुकानदाराचं वाक्य त्यांना लागू होत नाही. ऑर्गन पाइप उघडलेलं असताना क्लोव्ह पॉलिपसारखंच दिसतं. फरक खाली असतो, एकमेकींना चिकटलेल्या लालभडक कठीण नळ्यांचा. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावरून कोरलचा दगड उचलून आणायचा विचार तर डोक्यातूनच काढा.

कात टाकणं कसं दिसतं

टोडस्टूल कात टाकतं. पृष्ठभागावर एक मेणचट पापुद्रा धरतं, त्यावर बसलेली धूळ, शेवाळ, जिवाणू सगळं त्या पापुद्र्यासकट सोडून देतं. हे आजारपण नाही. लाईट बाजूने पाडून बघा: डोक्यावर लॅमिनेशन केल्यासारखी चमक येते. दोन-चार दिवसांत त्या चमकेवर तपकिरी किंवा हिरवट धूळ दिसू लागते. मग एखाद्या कडेला पापुद्रा सुटतो आणि प्रवाहात फडफडतो. हे सगळं कधी चार दिवसांत उरकतं, कधी तीन आठवडे लागतात. मोठं डोकं, मंद प्रवाह, खोलगट जागा असेल तर जास्त.

या काळात देठ बघायचा. देठ टणक आणि ताठ, रंग सगळीकडे सारखा, कुठे खड्डा किंवा काळा डाग नाही, वास नाही: मग डोकं कितीही मेल्यासारखं दिसो, कोरल ठीक आहे. देठ मधेच वाकला, एका जागी लिबलिबीत झाला, ऊती विरून आतले पांढरे कण दिसू लागले, तर ती कात नाही. वास तपासायला कोरल बाहेर काढायची गरज नाही. एका ड्रॉपरने त्या जागेलगतचं पाणी ओढून नाकाशी धरा. सडलेली ऊती लपत नाही.

कात टाकताना मदत एकच: वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचा) रोख असा फिरवा की डोक्यावरून पाणी वाहील पण एकाच जागी झोत बसणार नाही. पापुद्रा बोटाने सोलू नका, टूथब्रश तर मुळीच नको. खाली नवी ऊती कोवळी असते. अगदीच अडकून राहिला तर बॅस्टरने (रबरी फुगा लावलेल्या मोठ्या ड्रॉपरने) दुरून पाण्याचा हलका फवारा मारा. आणि कोरल जागेवरून हलवू नका. दर वेळी जागा बदलली की नव्या प्रकाशाशी आणि प्रवाहाशी जुळवून घेण्यात त्याचा पुढचा आठवडा जातो, मग मालक म्हणतो अजून उघडलं नाही, आणि परत हलवतो.

वर्षातून चार-सहा वेळा कात टाकणं माझ्या मते अगदी सामान्य. दर महिन्याला, किंवा एका कातीतून बाहेर येईपर्यंत दुसरी, असं चाललं असेल तर कोरलला सतत काहीतरी झटकावंसं वाटतंय. ते काय, हे शोधायचं.

तारखा सांगतात

एक वही करा किंवा फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहा. कोरल मिटलं ती तारीख, उघडलं ती तारीख. त्याखाली आदल्या चार दिवसांत जे जे झालं ते: पाणी बदललं, टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भरपाई) चुकला, पाणी गाळायचा कार्बन बदलला, नवं कोरल आलं, लाईटची तीव्रता वाढवली, सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं, घराला रंग लागला, दोन दिवस गावाला गेलो होतो. एवढं दोन महिने केलं की बहुतेकांना उत्तर स्वतःलाच दिसतं. मदत मागताना ‘सगळे पॅरामीटर नॉर्मल आहेत’ असं लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तो एका वेळेचा फोटो असतो. आपल्याला हालचाल हवी आहे.

खारटपणाचा झोका

आपल्याकडच्या टाक्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हे. हिशेब करून बघा. १०० लिटर पाणी, ३५ पीपीटी, म्हणजे साधारण साडेतीन किलो मीठ. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत, पाणी गार ठेवायला पंखा लावला असेल तर दिवसाला दोन लिटर सहज उडतात. मीठ उडत नाही. तीन दिवस टॉप-अप केला नाही तर तेच साडेतीन किलो ९४ लिटरमध्ये, म्हणजे ३७ च्या वर. चौथ्या दिवशी आठवण झाली आणि सहा लिटर आरओ पाणी एकदम ओतलं, की पाच मिनिटांत परत ३५. हळूहळू चढलेलं कोरलने सोसलेलं असतं. एकदम उतरलेलं त्याला जास्त झोंबतं. शनिवार-रविवारी टाकीची कामं उरकणाऱ्यांकडे लेदर सोमवारी मिटतं ते बऱ्याचदा यामुळे.

पावसाळ्यात हाच प्रकार उलटा होतो आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. मुंबईत, कोकणात जून-जुलैत हवाच इतकी दमट असते की पाणी उडत नाही. दोन परिणाम. पहिला, पंखा निकामी होतो, कारण पंख्याचा गारवा बाष्पीभवनातून येतो. हवा दमट झाली की पंखा नुसता फिरतो आणि पाणी २९ अंशांवर जाऊन बसतं. दुसरा, उन्हाळ्यात ‘रोज दोन लिटर’ अशी सवय लागलेला माणूस मापाने ओततच राहतो. संप (मुख्य टाकीखालची गाळणीची टाकी) असेल तर पातळी थोडी वर दिसते, कुणी बघत नाही, पुढच्या पाणी बदलताना ते जास्तीचं पाणी काढून टाकलं जातं आणि खारटपणा महिन्याभरात ३५ वरून ३२ वर सरकतो. माप बघून नव्हे, रेषा बघून ओता. संपच्या रिटर्न कप्प्यावर मार्करने एक रेघ मारा, पंप चालू असतानाची. त्याहून चांगलं म्हणजे ऑटो टॉप-ऑफ, उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र. चिलर महाग आहे हे मान्य, पण लाईटवर आणखी पैसे घालण्याआधी ऑटो टॉप-ऑफ घ्या असं मी कुणालाही सांगेन.

मोजायचं साधनही तपासा. सुईवाल्या प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरमध्ये सुईला बुडबुडे चिकटले की ती वर उचलली जाते आणि आकडा खोटा जास्त येतो. मालक मग गोडं पाणी ओततो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून खारटपणा दाखवणारी दुर्बीण) ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवा. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळवलं म्हणजे ३५ ला तो बरोबर दाखवेलच असं नाही. लक्ष्य ३५ पीपीटी, किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, आणि दिवस-रात्रीत एखाद्या अंशापेक्षा जास्त फरक नको.

मिटण्याचं चक्र नेमकं पाणी बदलण्याच्या दिवसाशी जुळत असेल तर नव्या पाण्याची अल्कॅलिनिटी (आम्ल पचवायची ताकद, डीकेएच या एककात) मोजा. काही रीफ सॉल्ट, म्हणजे कोरल टाकीसाठीची तयार मिठं, कालवल्यावर ११-१२ डीकेएचपर्यंत जातात. तुमची टाकी साडेसातवर चालत असेल आणि तुम्ही महिन्यातून एकदा ४० टक्के पाणी बदलत असाल तर अल्कॅलिनिटी एका दुपारीत दीड-दोन अंकांनी उडी मारते. सॉफ्ट कोरलना ७ ते ९ मध्ये कुठेही चालतं, फक्त एका जागी असू द्या. दर आठवड्याला दहा टक्के बदला, प्रश्न बहुतेक तिथेच मिटतो. आणि मिठाची बादली दमट हवेत उघडी ठेवू नका. त्याचे गठ्ठे होतात. वापरण्याआधी बादली गडगडवून मीठ खालीवर करून घ्या, नाहीतर वरच्या थरातून कालवलेलं पाणी आणि तळातून कालवलेलं पाणी सारखं येत नाही.

पिण्याचा आरओ आणि टाकीचा आरओ

घरात प्युरिफायर आहेच, मग वेगळा आरओ कशाला, हा प्रश्न दर वेळी येतो. पंधरा सेकंदांत उत्तर मिळतं: टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारं पेन त्याच्या नळाखाली धरा. घरगुती मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो, तो मेंब्रेनमधून आलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. शिवाय मिनरल कार्ट्रिज असतं. त्यामुळे आकडा ५०, ८०, १२० असा काहीही येतो. टाकीला शून्य किंवा शून्याच्या जवळ हवा.

आणि हल्ली बऱ्याच मशीनमध्ये तांब्याचं कार्ट्रिज बसवून येतं. माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालतं. कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना तांबं विष आहे. रोजच्या टॉप-अपमधून ते येत राहतं आणि दगड-वाळूत साठतं. तुमच्या टाकीत कोळंबी टिकत नसेल, गोगलगायी आठवड्यात उलट्या पडत असतील आणि लेदर सतत मिटत असेल तर आधी प्युरिफायरचं माहितीपत्रक काढून वाचा. त्याच कारणाने दुकानातल्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. माशांच्या टाक्यांना दुकानात तांब्याचं औषध घातलेलं असू शकतं.

मेंब्रेननंतर डीआय कार्ट्रिज (उरलेसुरले क्षार शोषणारं) लावलेलं वेगळं छोटं युनिट घ्या. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झालं की डीआय नेहमीच्या निम्म्या वेळात संपतं, तेव्हा टीडीएस दर आठवड्याला बघा.

शेजाऱ्यांची भांडणं

लेदरला कठीण कोरलांसारखा सांगाडा नाही, पळता येत नाही, मग माशांनी खाऊ नये म्हणून त्याने रसायनं धरली. सार्कोफायटॉनमधून मिळणारं सार्कोफाइन हे त्यातलं चांगलं अभ्यासलेलं एक. ते माशांना विषारी असतं. अशी टर्पीन गटातली बरीच संयुगं लेदर पाण्यात सोडत असतं. समुद्रात ती वाहून जातात. तुमच्या १०० लिटरमध्ये कुठे जाणार? पाच जातींची लेदर एका छोट्या टाकीत कोंबली की ती एकमेकांना मिटवत बसतात. स्पर्श व्हायची गरज नाही.

इलाज ॲक्टिव्हेटेड कार्बन. १०० लिटरला चार-पाच मोठे चमचे, आरओ पाण्यात धुऊन, पाणी जिथून आरपार जाईल अशा जागी. आणि दर तीन-चार आठवड्यांनी नवा. इथे चक्र दोन्ही बाजूंनी बनतं. कार्बन जुना झाला की रसायनं साठून लेदर मिटतं. तीन महिने विसरून मग एकदम मूठभर जास्त टाकला की पाण्याचा पिवळेपणा रात्रीत जातो, लाईट अचानक खोलवर पोचतो आणि लेदर पुन्हा मिटतं, या वेळी उजेडाने. थोडा आणि वेळेवर, एवढंच. ज्यांच्या टाकीत कठीण, चिडकी कोरल नाहीत ते म्हणतात कार्बनची गरज नाही. लेदर एकापेक्षा जास्त असतील तर आहे.

फार स्वच्छ पाणी

मोठा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), फॉस्फेट रिमूव्हर, मासे दोनच, खायला चिमूटभर: नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि मालक अभिमानाने आकडे दाखवतो. कोरल फिकट, आखडलेली, मश्रूम सुपारीएवढे. यांच्या ऊतीतल्या शैवालालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. नायट्रेट ५ ते २० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. दोन्ही शून्यावर गेले की वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर देणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटचं आमंत्रण वेगळंच. फॉस्फेट रिमूव्हर काढून टाका, माशांना नीट खायला घाला.

मासे, खेकडे, पाहुणे

क्लाउनफिशला ॲनिमोनी मिळाली नाही की तो बरेचदा टोडस्टूलला घर मानतो. फोटो छान येतो, पण दिवसभर अंग घासलं गेल्यावर पॉलिप मिटणारच. लाईट बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन बघा. हर्मिट खेकडा डोक्यावर चढलेला दिसेल, किंवा लेदरच्याच रंगाची एखादी समुद्री गोगलगाय कडेला खाताना सापडेल. गंजाच्या रंगाचे चपटे ठिपके सरकताना दिसले तर ते फ्लॅटवर्म. नवं कोरल टाकीत टाकण्याआधी कीड मारणाऱ्या कोरल डिपमध्ये, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, बुडवून काढा, आणि ज्या दगडावर ते आलं तो दगड शक्यतो टाकीत घेऊच नका.

उजेडाबद्दल थोडक्यात: टोडस्टूलला ५० ते १५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेडाचं माप) पुरतो, मश्रूमला त्याहून कमी. नवीन एलईडी आणला तर निम्म्या तीव्रतेवर सुरू करून महिन्याभरात वर न्या.

घरातली हवा

स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो. हे एकदा डोक्यात बसलं की गणपतीत धूप-अगरबत्ती सुरू झाल्यावर, दिवाळीआधी रंगाचं काम निघाल्यावर, किंवा टाकीच्या मागच्याच सॉकेटमध्ये डासांचं मशीन लावल्यावर लेदर का आखडतं ते वेगळं सांगावं लागत नाही. डासांच्या मशीनमधली पायरेथ्रॉइड गटातली द्रव्यं मासे आणि कोळंबी यांना अतिशय विषारी असतात. मशीन दुसऱ्या खोलीत न्या. रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर स्किमरच्या हवेची नळी लांबवून खिडकीबाहेर सोडा, ताजा कार्बन लावा. झाडूवाल्या बाईंना टाकीची काच फवाऱ्याने पुसू नका असं सांगून ठेवा. त्या बिचाऱ्या चांगल्या हेतूनेच पुसतात.

खरंच सडत असेल तर

देठावर किंवा डोक्यावर काळपट, लिबलिबीत डाग, दर दिवशी वाढणारा, वास येणारा: थांबू नका, कापा. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल. टाकीत झोआ किंवा पॅलिथोआ असतील तर हे नियम म्हणून पाळा, कारण त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. झोआ चिकटलेला दगड ‘साफ’ करायला म्हणून उकळू नका. त्या वाफेने अख्खं घर दवाखान्यात गेल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

कोरल टाकीतच कापायचं नाही. टाकीचं पाणी भरलेल्या वेगळ्या डब्यात घ्या. नवं ब्लेड, एकाच सरळ घावात, डागापासून बोटभर आत निरोगी ऊतीतून. कात्रीने कुरतडलं तर कडा चेंगरते आणि तिथूनच पुन्हा सडते. पाण्यावर दुधट चिकट रस येईल. तुकडा दुसऱ्या डब्यातल्या स्वच्छ पाण्यात खंगाळा आणि मगच टाकीत न्या. कापलेल्या दिवशी कार्बन नवा.

सुपरग्लू या चिकट ऊतीवर धरत नाही, दोन तासांत तुकडा तरंगायला लागतो. देठातून लाकडी टूथपिक आडवी घाला आणि तिची दोन्ही टोकं रबरबँडने दगडाच्या छोट्या तुकड्याला बांधा. फार आवळू नका, रबर ऊती कापत जातं. मंद प्रवाहात, खालच्या बाजूला ठेवा. दहा-पंधरा दिवसांत तळ दगडाला धरतो, मग टूथपिक ओढून काढा.

डोकं पूर्ण गेलं आणि नुसता देठ उरला तरी तो फेकू नका. टणक असेल तर जिथे आहे तिथेच राहू द्या. टोडस्टूलचा देठ वरून पुन्हा डोकं धरतो. आधी कापलेली जागा आक्रसून बंद होते, मग कडेने गोल फुगवटा येतो आणि त्यावर आखूड पॉलिप दिसू लागतात. तोवर त्याच्यासाठी वेगळं काही घालायचं नाही, फक्त खारटपणाची रेघ सांभाळायची.